या बाई, बसा समितीवर!

अमेरिकेतल्या एखाद्या इंग्रजी विभागात लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांच्या, साहित्याच्या नव्या प्राध्यापिका रुजू होतात, तेव्हा स्वागतात काही कमी पडत नाही. टेबलावर मक्याचे चिप्स, साल्साची वाटी, वर रंगीत कागदी पताका. विभागप्रमुख प्रेमानं विचारतात, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’

‘टेक्सासची.’

‘हो, पण मूळच्या?’

बाईंचं घराणं तिथं १८४८ च्या अमेरिका-मेक्सिको तहाआधीपासूनचं. घराणं जागचं हललं नाही. सीमारेषाच त्यांना ओलांडून गेली. पण चिप्स खाताना इतिहास कोण काढतो?

मग कामाची वाटणी. विविधता समिती, समावेशन समिती, आणि समित्यांत पुरेशी विविधता आहे का हे तपासणारी समिती. तिन्हींवर बाईच. शिवाय ‘स्पॅनिश येतच असेल’ म्हणून पाहुण्यांची पत्रं भाषांतराला.

अभ्यासक्रमात मात्र जागेची चणचण. मारिया आम्पारो रुईझ दे बर्टन यांची इंग्रजी कादंबरी १८७२ सालची, सँड्रा सिस्नेरोस यांचं ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ १९८४ चं, ग्लोरिया अँझाल्डुआ यांचं ‘बॉर्डरलँड्स’ १९८७ चं. तरी विषय बसवला ‘नवे प्रवाह’ या सदरात, शुक्रवारी दुपारी चार वाजता. दीडशे वर्षं वाहूनही प्रवाह अजून नवाच!

बाईंच्या दारावर पाटीही लागली. आडनावातल्या ‘एन’वरची नागमोडी रेघ तेवढी गळाली. ते चिन्ह छापखान्यात नव्हतं म्हणे. पताका मात्र वेळेवर आल्या होत्या.