दोन मिनिटं आणि अकरा इनिंग

१ नोव्हेंबर २०२५ या दिवशी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या खेळवेड्यांवर परमेश्वराने जरा जास्तच कृपा केली होती. दुपारी सॅन दिएगोजवळच्या डेल मारला ब्रीडर्स कप क्लासिक, म्हणजे अमेरिकेतली वर्षअखेरची सर्वांत मोठी घोड्यांची शर्यत. आणि संध्याकाळी पाचला, तिकडे टोरंटोत, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निकाली सामना. लॉस एंजेलिसचे डॉजर्स विरुद्ध टोरंटोचे ब्लू जेज, तीन-तीन बरोबरी. पहिला प्रकार दोन मिनिटांत आटोपणारा. दुसरा कधी आटोपेल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसणारा. बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही आणि खेळ संपवणारं घड्याळही चालत नाही. याच मालिकेतला तिसरा सामना नऊऐवजी १८ इनिंग रंगला. ६ तास ३९ मिनिटांनंतर, मध्यरात्रीच्या तोंडावर फ्रेडी फ्रीमनने होम रन मारला, तेव्हा कुठे लोक घरी गेले.

आम्ही उभयता त्या वेळी अर्वाइनला भाच्याकडे होतो. अर्वाइन हे लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो यांच्या मधलं गाव, आणि भाच्याचं घर हे त्या दोन गावांमधली सरहद्द. भाचा डॉजर्सचा. भाचेसून सॅन दिएगोत जन्मलेली, त्यामुळे माहेरच्या पाद्रेज संघाची. पाद्रेज १९६९ साली सुरू झाले आणि वर्ल्ड सिरीज त्यांनी आजवर एकदाही जिंकलेली नाही. १९८४ आणि १९९८ साली दारापर्यंत जाऊन परत आले. २०२५ साली तर ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात शिकागोच्या कब्जनी त्यांचा कारभार आटोपला होता.

पण पाद्रेजवाल्याचा हंगाम असा संपत नाही. आपला संघ गेला की तो डॉजर्सच्या समोर जो कोणी असेल त्याचा होतो. भाच्याचे सासरे, म्हणजे नात्याने आमचे व्याहीच, पेशाने इंजिनिअर आणि वृत्तीने समतोल. पण त्या महिन्यात ते आधी फिलाडेल्फियाचे झाले, मग मिलवॉकीचे, आणि आता टोरंटोचे. "कॅनडाची माणसं फार सभ्य हो," असं ते फोनवर मला म्हणाले. जावयाबद्दल त्यांनी कधी चकार वाईट शब्द काढलेला नाही. जावयाच्या संघाबद्दल कधी चांगला काढलेला नाही.

डेल मारला आम्ही रेल्वेने गेलो. पॅसिफिक सर्फलायनर नावाची ही गाडी सॅन क्लेमेंटेला समुद्राच्या इतकी जवळून जाते, की खिडकीतून हात बाहेर काढता आला असता तर लाटेला लागला असता. पण डब्यात समुद्राकडे बघत होते फक्त आम्ही दोघं. बाकीचे एकमेकांच्या डोक्यांकडे बघत होते. रेसला निघालेल्या बायकांच्या डोक्यांवर पिसं, जाळ्या, फुलं. पुरुषांच्या डोक्यांवर निम्म्या फेल्ट हॅट आणि निम्म्या डॉजर्सच्या निळ्या टोप्या. ओशनसाइडला तपकिरी पाद्रेज टोपीवाला एक गृहस्थ चढला. निळ्या टोप्यांकडे बघून त्याने खिशातून ब्लू जेजची कोरी करकरीत टोपी काढली आणि तपकिरी टोपीच्या वर घातली.

माझ्या शेजारच्या आजोबांपुढे रेसचं वर्तमानपत्र पसरलेलं होतं. मुंगीएवढ्या अक्षरांत प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती, वेळा, वजनं, जॉकी, धावपट्टी ओली होती की कोरडी, आणि मातृकुळ-पितृकुळ. आजोबा ते पंचांगासारखं वाचत होते. म्हणजे आधी मुहूर्त ठरवून मग त्याला आधार शोधत होते. भाचा त्यांना म्हणाला, "सॉव्हरिन्टी येणार ना?" आजोबांचा चेहरा पडला. केंटकी डर्बी जिंकलेला सॉव्हरिन्टी ताप आल्यामुळे याच आठवड्यात शर्यतीतून बाहेर पडला होता. "माझी दोन महिन्यांची मेहनत गेली," आजोबा म्हणाले. सगळी मेहनत यांची. घोड्याला फक्त ताप आला होता. मग त्यांनी भाच्याच्या कानात दुसरं नाव सांगितलं: फिअर्सनेस. त्याबरोबर फिअर्सनेसच्या आजीचीही माहिती दिली. भाच्याला स्वतःच्या आजीबद्दल इतकं माहीत नाही.

डेल मारचं रेसकोर्स १९३७ साली गायक-नट बिंग क्रॉसबी आणि त्याच्या मित्रांनी उभं केलं. पहिल्या दिवशी लोकांचं स्वागत करायला क्रॉसबी स्वतः फाटकात उभा होता. पण मला आवडला तो पुढच्या वर्षीचा किस्सा. १२ ऑगस्ट १९३८ला इथे दोनच घोड्यांची शर्यत झाली. सीबिस्किट आणि लिगारोटी. सीबिस्किटचे मालक चार्ल्स हॉवर्ड. लिगारोटीचे मालक क्रॉसबी आणि हॉवर्डसाहेबांचा सख्खा मुलगा. पैज २५,००० डॉलरची, जिंकेल त्याला सगळे. घोडे अखेरपर्यंत बरोबरीने पळाले. पाठीवरच्या जॉकींनी मात्र शेवटच्या टप्प्यात एकमेकांची धरपकड केली. चाबूक, लगाम, हाताला लागेल ते. सीबिस्किट नाकभर अंतराने जिंकला. म्हणजे बापाने लेकाला हरवलं. हे ऐकून भाचेसून म्हणाली, "आमच्या घरी निदान लगाम नाहीत."

तिकिटाच्या खिडकीपाशी आमच्यापुढे एक जपानी जोडपं होतं. काका कडक इस्त्रीच्या सुटात, काकूंच्या हातात यादी. फॉरएव्हर यंग या जपानी घोड्यावर त्यांना 'विन' लावायचं होतं, पण एकगठ्ठा नव्हे. दोन डॉलरचं एक तिकीट, मग पुन्हा दोन डॉलरचं एक, मग पुन्हा. काकू यादीत एकेका नावापुढे बरोबरची खूण करत होत्या. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. शेवटी भाच्याने विचारलं, तेव्हा काका वाकून म्हणाले, ही गावाकडच्या नातेवाइकांसाठी. आमची ही लगेच मला म्हणाली, "बघा. आपण चॉकलेटं नेतो."

हिचा जुगाराला तात्त्विक विरोध आहे. पण जपानहून घोडा विमानाने आला हे कळल्यावर तिने काकूंना पहिला प्रश्न केला: "त्याला जेट लॅग होत नाही का?" स्वतःला अजून होत होता म्हणून ही चौकशी. काकूंनी सांगितलं की त्याला प्रवासाची सवय आहे. गेल्या वर्षी केंटकी डर्बीत तिसरा आला, डेल मारच्या क्लासिकमध्ये तिसरा आला, यंदा सौदी कप जिंकला. "एवढा हिंडून पुन्हा उभा राहिला, त्याच्यावर लावा," असा हिचा निकाल पडला, आणि तात्त्विक विरोध खिडकीपाशीच संपला.

इथली पद्धत महालक्ष्मीच्या टोटसारखीच. सगळ्यांचे पैसे एका डबक्यात जमतात, रेसकोर्स आपला वाटा काढून घेतं आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे तुमची खरी शर्यत घोड्यांशी नाहीच, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आहे. त्याने चुकीच्या घोड्यावर पैसे लावावेत अशी मनोमन प्रार्थना करत त्याच्याशी हसून बोलायचं. अशा ठिकाणी मराठी माणसाला परकं वाटत नाही.

बक्षीस सत्तर लाख डॉलरचं, अंतर सव्वा मैल. फाटकं उघडली आणि एवढा वेळ मोजूनमापून बोलणारी माणसं घोड्याचं नाव घेऊन किंचाळू लागली. फॉरएव्हर यंग सुरुवातीपासून पुढे-पुढेच होता. शेवटच्या वळणानंतर जॉकी र्‍युसेई साकाईने त्याला मोकळा सोडला, तेव्हा आदल्या वर्षीचा विजेता सिएरा लिओन आपल्या नेहमीच्या सवयीने मागून सुटला. अंतर कमी होत गेलं, होत गेलं, आणि रेषा आधी आली. १९८४पासून चालत आलेली ही शर्यत जपानमध्ये तयार झालेल्या घोड्याने प्रथमच जिंकली. फिअर्सनेस तिसरा. भाच्याने त्याच्या आजीसकट सगळ्यांचा उद्धार केला.

आमच्या हातात तिकिटाचे चार पैसे आले. जपानी काकू मात्र खिडकीकडे फिरकल्याच नाहीत. पर्समधून प्लॅस्टिकची छोटी पाकिटं काढून एकेक जिंकलेलं तिकीट त्यात सरकवत होत्या. हिला राहवेना. "अहो, पैसे घ्या ना!" काकूंनी हसून मान हलवली. पैसे घेतले तर तिकीट द्यावं लागेल, मग गावाकडे काय नेणार? महालक्ष्मीला हरलेली तिकिटं फाडून फेकतात, हे मी पाहिलं होतं. जिंकलेलं तिकीट न वटवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

व्याही आम्हाला न्यायला गाडी घेऊन आले. त्यांचं घर कार्मेल व्हॅलीत, जवळच. कार्तिकी एकादशी होती म्हणून विहीणबाईंनी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी असा बेत केला होता. व्याह्यांनी निर्जळी धरली होती. ती विठ्ठलासाठी की टोरंटोसाठी, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

तिसऱ्या इनिंगमध्ये टोरंटोच्या बो बिशेटने दस्तुरखुद्द शोहेई ओहतानीला होम रन मारला. तीन धावा. व्याही तोंडाने "अरेरे" म्हणाले आणि स्वतः उठून जावयाच्या ताटात खिचडी वाढली. पुढे टोरंटोची आघाडी टिकत गेली तसतसा त्यांचा आग्रह वाढत गेला. आठव्या इनिंगला जावयाने ताटावर आडवा हात धरला होता.

नवव्या इनिंगमध्ये डॉजर्स ३-४ असे मागे. एक गडी बाद. आणखी दोन गेले की खेळ खलास. मी ताक घ्यायला फ्रीजपाशी गेलो. तेवढ्यात मिगेल रोहास, ज्याच्याकडून होम रनची अपेक्षा त्याच्या घरच्यांनीही केली नसती, त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत घातला. ४-४. भाचा सोफ्यावरून उडाला आणि हवेतूनच ओरडला, "मामा, तू तिथून हलू नकोस!"

मी ताकाचा पेला हातात धरून थिजलो. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात टोरंटोने तिन्ही बेस भरले. एक धाव की करंडक त्यांचा. आणि त्याच क्षणी व्याह्यांच्या अंगात आतिथ्य संचारलं.

"मामा, उभे का? बसा ना."

"मामा, हलायचं नाही!"

"अहो, पाहुणे ताटकळत उभे, बरं दिसतं का? अगं, यांना खुर्ची दे."

विहीणबाईंनी खुर्ची आणून माझ्या गुडघ्यांमागे टेकवली. भाचेसून मध्यस्थीला आली, म्हणजे वडिलांच्या बाजूने. "मामा, तुमचे पाय दुखतात ना? बसा." माझ्या पायांची एवढी काळजी मला औषध देणाऱ्या डॉक्टरांनीही कधी केलेली नाही. दोन्ही घरांच्या प्रेमाच्या कात्रीत सापडलेला मी अर्धवट वाकलो, तर भाचा कळवळला, "मामा!" आणि मी पुन्हा ताठ झालो.

टोरंटोत डॉजर्सचा योशिनोबू यामामोतो आदल्या रात्री ९६ चेंडू टाकून पुन्हा मैदानात उतरला होता. कॅचर विल स्मिथचा पाय ऐन वेळी होम प्लेटला जेमतेम टेकला, एक बाद. मग उंच उडालेला चेंडू पकडताना डॉजर्सचे दोन खेळाडू एकमेकांवर आदळले, तरी चेंडू हातातच राहिला. दहावी इनिंग गेली. अकराव्यात स्मिथने होम रन मारला, ५-४. शेवटी मुकी बेट्सने एकाच चेंडूवर दोघांना गारद केलं. माझ्या हातातल्या ताकाचं एव्हाना जवळजवळ दही झालं होतं. मालिकावीराचा मान यामामोतोला मिळाला. भाच्याच्या मते तो मला विभागून द्यायला हवा होता. व्याह्यांचंही मत वेगळं नव्हतं, फक्त त्यांना त्याचं वाईट वाटत होतं. त्यांनी जावयाला कोरडी टाळी दिली आणि निर्जळीवर पाणी सोडलं.

त्या रात्री अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात. एरवी लोक तेवढं जास्त झोपतात. आम्हाला तो तास जागायला मिळाला. कारण नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि तिथे पाऊस पडत होता. पहाटे साडेतीनला एकदाचा खेळ सुरू झाला. जावई-सासरे एका बाजूचे झालेले त्या घराने पहिल्यांदाच पाहिले. सांगलीची स्मृती ४५ करून गेली तेव्हा दोघांनी एकच सुस्कारा टाकला. शफाली ८७, भारत २९८.

सकाळी दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक करून ठाण मांडून बसली आणि घरात शांतता पसरली. व्याही उठले. फ्रीजमधून ताक काढलं, पेला भरला, तो माझ्या हातात दिला आणि दंडाला धरून मला कालच्या जागेवर नेऊन उभं केलं. फरशीचा तुकडासुद्धा त्यांच्या बरोबर लक्षात होता. थोड्याच वेळात वोल्वार्टने चेंडू उंच मारला. अमनज्योतच्या हातातून तो एकदा निसटला, दोनदा निसटला आणि अखेर अडकला. घर दणाणलं. आता सुटलो असं वाटून मी मागची खुर्ची पुढे ओढली.

व्याह्यांनी ती दोन्ही हातांनी काढून घेतली. "अहो मामा, बसताय काय! अजून तीन विकेट बाकी आहेत."