गळ्यात पडलेला विषय

आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची मिळून ४१ मुलं आहेत आणि गायनात सगळी अ-१ आहेत. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांचाही असा निकाल लागला नसेल.

गुपित साधं आहे. कलेला लेखी परीक्षा नाही. वर्षभर निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी घालायच्या. ‘कवितेला चाल लावतो’, ‘तालासुरात गातो’, ‘समूहगीतात उत्साहाने भाग घेतो’. या नोंदी मोबाइलवर आयत्या मिळतात. गेल्या मार्चमध्ये माझ्या हातून शारीरिक शिक्षणाच्या नोंदी गायनासमोर चिकटल्या. चौथीतली एक पोरगी ‘लंगडी उत्तम घालते’ म्हणून गायनात अ-१ आली. केंद्रप्रमुखांनी पान उलटलं, सही केली आणि ‘नोंदी वेळेत’ असा शेरा दिला.

विषय माझ्या गळ्यात पडला तो बदलीवर हजर झालो त्याच दिवशी. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, “सर, तुम्ही भजनाला बसता ना?” टाळ घेऊन मागे बसतो, एवढंच मी म्हणालो. पोषण आहाराचा हिशेब, मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती यांच्याखाली चौथ्या ओळीत माझ्या नावापुढे ‘संगीत’ लागलं.

खरा संगीतशिक्षक यायची शक्यता नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीला आणि पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे पोरांना कंठ सहावीत फुटतो आणि तोही शंभर जणांना एकदम फुटावा लागतो.

तरी गाणं होतं. रोज परिपाठाला राष्ट्रगीत आणि २०२३ पासून राज्यगीत. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा गळा. आता त्या गळ्याची पट्टी पहिलीतल्या पोराने कुठून आणावी? म्हणून आम्ही ब्लूटूथ स्पीकर लावतो. शाहीर गातात, पोरं ओठ हलवतात आणि मी शिस्त बघतो. एकदा मध्येच चार्जिंग संपलं. चाळीस तोंडं उघडी, आवाज नाही. पहिलीतला एक मात्र डोळे मिटून गातच राहिला; स्पीकर बंद पडल्याचं त्याला कळलंच नव्हतं. सुरातही होता बेटा. मी त्याची खास नोंद करायला गेलो, तर अ-१ च्या वर श्रेणीच नाही.

शाळेला पेटीही आहे. म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला आहे. प्रत्यक्षात ती ऑफिसच्या कपाटात, मूगडाळीच्या गोणीमागे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. आमच्या शाळेने कुठलाही आदेश नसताना ती पुढे चालू ठेवली. भाता उंदरांनी खाल्ला होता. म्हटलं, निर्लेखन करून टाकू, एक ओझं कमी. प्रस्ताव पाठवला. तो परत आला: ‘वस्तू नियमित वापराने झिजली असल्याचा दाखला जोडावा.’

वापराने! झाली का पंचाईत. खोटा दाखला कसा द्यायचा? खोट्या नोंदींची गोष्ट वेगळी, त्या ऑनलाइन असतात. शेवटी ठरवलं, पेटी रीतसर झिजवायची. भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आणि गणिताच्या तासाला ती वर्गात आणली. संगीताच्या तासाला मी पोषण आहाराचा हिशेब लिहितो. भाता ओढला, तर बोट न लावताच एक स्वर बोलायला लागला. थांबेचना. पोरं तेव्हा सतराचा पाढा म्हणत होती. दुसऱ्या ओळीला आवाज खाली आले, तिसऱ्या ओळीला सगळे त्या स्वरावर येऊन बसले. पहिलीतल्या त्या पोराला पाढा येत नव्हता, तो नुसताच आ लावून वर चढला. खिडकीबाहेर खिचडी ढवळणाऱ्या मावशींचा डाव थांबला.

आणि तेवढ्यात, आगाऊ न कळवता, केंद्रप्रमुख. दारातच उभे राहिले. पाढा संपेपर्यंत बोलले नाहीत. मग ऑफिसात बसून त्यांनी चहा घेतला, रजिस्टर मागवलं आणि पेटीच्या ओळीपुढे लाल शाईने लिहिलं: ‘वस्तू चालू स्थितीत. निर्लेखन नामंजूर. मुलांचा हात लागणार नाही अशी कुलूपबंद ठेवावी.’