म्हातारी कशात बसली? (१ गुण)

अभिनंदन! तुमच्या हाती तिसरीचा वर्ग, लाल शाईचं पेन आणि भोपळ्यात बसून जंगल पार करणाऱ्या म्हातारीची गोष्ट आली आहे. आता ही गोष्ट मुलांना कळली का, हे शोधून काढायचं आहे. तेही एका तासिकेत आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना कागदावर दिसेल अशा रीतीनं. घाबरू नका. गोष्ट कळली का हे तपासणं अवघड आहे, पण तपासलं असं दाखवणं अगदी सोपं. नवशिक्यांसाठी पुढच्या सूचना पुरेशा आहेत.

१. गोष्टीतून आधी गोष्ट काढून टाका. भोपळा गडगडायला लागला की मुलं हसतील. थोडं हसू द्या, मग फळ्याकडे वळा. आता कोणतंही वाक्य घ्या, त्यातला एक शब्द उचला आणि तिथे ‘कोण’, ‘कोठे’ किंवा ‘कशात’ बसवा. ‘म्हातारी भोपळ्यात बसली’ या तीन शब्दांतून किती माल निघतो पाहा: भोपळ्यात कोण बसली, म्हातारी कशात बसली, म्हातारी ______ बसली, आणि चूक की बरोबर – म्हातारी टोपलीत बसली. चार गुणांची सोय झाली.

तुमचा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे का, हे पाहायची एक कसोटी सांगतो. हा उतारा वाचा: ‘एक चिंगट्या भुरकुंडीत लोपसत होता. तेवढ्यात तिथे गडम्या आला. त्याने चिंगट्याला टरफुसले. चिंगट्या फार खिमटला.’ आता उत्तरं द्या. चिंगट्या कोठे लोपसत होता? चिंगट्याला कोणी टरफुसले? टरफुसल्यावर चिंगट्याचे काय झाले? तिन्ही बरोबर आली ना? पैकीच्या पैकी! शुद्धलेखन चांगलं असेल तर शेराही मिळेल: ‘आकलन उत्तम’. ज्या प्रश्नाचं उत्तर चिंगट्याच्या भाषेतही देता येतं, तो प्रश्न निर्धास्तपणे पेपरात घाला.

२. उत्तर पूर्ण वाक्यात मागा. ‘भोपळ्यात’ असं लिहिणाऱ्याला अर्धा गुण. ‘म्हातारी भोपळ्यात बसली.’ असं लिहिणाऱ्याला एक. पूर्णविराम विसरला तर तुमच्या विवेकावर सोडतो.

३. ‘कोण कोणास म्हणाले’ सोडू नका. या गोष्टीत वाघही म्हातारीला खाणार म्हणतो आणि कोल्हाही तेच म्हणतो. तरीही प्रश्न घाला आणि उत्तर एकच ठेवा: वाघ म्हातारीस म्हणाला. कोल्हा लिहिणारी मुलं भांडायला आली तर त्यांना गाईड दाखवा. छापलेल्या उत्तराशी हुज्जत घालायची नसते, हेही आकलनच.

४. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ हा प्रश्न आला की आधी फळ्यावर मुलांचे शब्द लिहून द्या. मुलं ते उतरवून घेतील, पालक पाठ करून घेतील आणि सहामाहीला वर्गातली सगळी मुलं एकाच अल्पविरामासह स्वतःच्या शब्दांत व्यक्त होतील. एखादं पोरगं खरोखरच स्वतःच्या शब्दांत लिहील: ‘म्हातारी भोपळ्यात बसून सटकली.’ ‘सटकली’खाली लाल रेघ मारा आणि वर ‘निसटली’ लिहा. तुम्ही मेळघाटात असाल तर मूल हीच गोष्ट कोरकूत सांगेल, गडचिरोलीत माडियात, नंदुरबारकडे पावरीत. वाघाचा आवाज काढून, म्हातारीसारखं वाकून, मधेच थांबून सगळ्यांना ताटकळत ठेवून सांगेल. तुम्हालाही मजा वाटेल. पण पेपर प्रमाण मराठीत आहे, तेव्हा मजा वाटल्याची कुठे वाच्यता करू नका. रकान्यात लिहा: ‘आकलन – मार्गदर्शनाची गरज’. मार्गदर्शनाची गरज कोणाला, ते त्या रकान्यात लिहायचं नसतं.

५. बोध. हे या विद्येचं मर्म आहे, म्हणून इथे जरा थांबू. गोष्ट कोणतीही असो, शेवटी ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ विचारलंच पाहिजे. मुलांना गोष्ट वाचायचे कष्टही देऊ नका, चित्रावरून बोध ओळखायला शिकवा. एक मोठा प्राणी आणि एक छोटा दिसला की ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’. पुष्कळ प्राणी एकत्र दिसले की ‘एकीचे बळ’. एकच प्राणी मान वर करून उभा असेल तर ‘गर्वाचे घर खाली’. तोंडात काही धरून पाण्यात बघत असेल तर ‘लोभ वाईट’. एवढ्या भांडवलावर चौथीपर्यंत सहज निभावतं.

म्हातारीच्या गोष्टीत एक मोठा वाघ आहे आणि एक बारकी म्हातारी. उत्तर ठरलेलं आहे. तरीही तिसऱ्या बाकावरची एखादी मुलगी लिहिणार: ‘म्हातारी खोटं बोलली. ती वाघाला म्हणाली होती जाड होऊन येते मग खा. वाघ बिचारा वाट बघत बसला.’ आता आली का पंचाईत! या पोरीला गोष्ट आडवीतिडवी कळली आहे. म्हातारीनं शब्द दिला होता, हे तिला आठवतं. वाघाच्या बाजूनं उभं राहून ती बघते आहे. कोण चूक आणि कोण बरोबर हे स्वतः ठरवायलाही लागली आहे. मन कणखर करा आणि शून्य द्या. हळहळ वाटणं साहजिक आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटते.

६. वेग मोजा. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलानं किमान ६० शब्द वाचायला हवेत, आणि तेही अर्थासह. शब्दांना घड्याळ लावता येतं, अर्थाला लावता येत नाही. तेव्हा कशावर भर द्यायचा हे तुम्ही जाणताच. वाघ समोर आल्यावर जे मूल ‘आणि... मग...’ करत आवाज खाली आणतं, त्याला वेळीच आवरा. त्या दोन टिंबांत त्याचे पाचसात शब्द बुडतात. वाघ असो की वेळापत्रक, एकाच चालीत वाचायला लावा.

‘असर’ची पाहणी २००५ पासून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासते. घरोघरी जाऊन झटपट अंदाज घ्यायला हे साधन चांगलंच आहे. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २७.१ टक्के निघाली, म्हणजे दुखणं खरं आहे. तुम्ही मात्र त्यातून फक्त बोली उचला. शिक्षकखोलीत बसून ‘हा अजून शब्दावर आहे’, ‘ती गोष्टीवर गेली’ असं बोलायला लागा. गोष्टीवर गेलेल्या मुलीनं गोष्टीत काय पाहिलं, हे विचारायची पद्धत नाही. ती वर पोचली, तुमची जबाबदारी संपली.

७. नोंदी आधी लिहा, निरीक्षण सवडीनं करा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मुलाला नुसत्या लेखी परीक्षेवर तोलू नये, त्याला रोज पाहावं, त्याच्याशी बोलावं, असा त्यामागचा हेतू. म्हणून दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं दिली आणि वर्णनात्मक नोंदी करायला सांगितलं. हेतू फार चांगला असल्यामुळे त्याच्या तयार नोंदींची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली आहे. ‘कथा आवडीने ऐकतो.’ ‘आकलनासह वाचन करतो.’ ‘प्रश्नांची समर्पक उत्तरे देतो.’ हजेरीपटाच्या क्रमानं वाटून टाका. मुलींच्या पुढे ‘ऐकतो’ राहून जाणार नाही एवढं बघा, साहेबांची नजर नेमकी तिथेच जाते.

८. स्वतः गोष्ट वाचू नका. पेपर काढायला स्वाध्याय पुरतो.

९. शेवटची सूचना, आणि हिच्यात भलेभले चुकतात. घंटा व्हायच्या बेतात असताना कोणीतरी हात वर करील: ‘बाई, म्हातारीला एकटीलाच का पाठवलं? जावई सोडायला का नाही आला?’ दुसरा लगेच म्हणेल, ‘भोपळ्यात श्वास कसा घेतला?’ तिसरा ठासून सांगेल की वाघ दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरी गेला असणार. क्षणभर सगळा वर्ग म्हातारीच्या मागे जंगलात धावेल आणि तुम्हालाही वाटेल, खरंच, जावई होता कुठे? तेवढ्यात सावध व्हा. जावयाला पेपरात गुण नाहीत. ‘हे परीक्षेला नाही’ म्हणा आणि वह्या काढायला सांगा. एकदा का तुम्ही बाकावर टेकून ‘तुला काय वाटतं रे?’ असं विचारलंत, की पोरं रोज गोष्ट मागणार, रोज भांडणार, घरून नव्या गोष्टी घेऊन येणार, आणि तुमचा अभ्यासक्रम मे महिन्यातसुद्धा संपायचा नाही.