हेरिटेज अण्णा

मुंबईच्या बँकेतून निवृत्त झालेला, राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित घर असलेला आणि एकदा तरी परदेशी सहल केलेला माणूस भेटला, की समजावं, हेरिटेज होमस्टे निघणार. अण्णांना हा साक्षात्कार इस्तंबूलला झाला. आया सोफियाला लागून सोउकचेश्मे नावाची गल्ली आहे. तिथली उस्मानी धाटणीची जुनी लाकडी घरं 1980 च्या दशकात नव्याने उभारून त्यांची हॉटेलं केली. तिथे एक रात्र काढून अण्णांनी बिल बघितलं आणि गावच्या घराच्या आठवणीने त्यांचे डोळे पाणावले.

मग चिरे घासले गेले. सारवलेली जमीन उखडून सारवल्यासारखी दिसणारी फरशी बसली. माजघराचा ‘लाउंज’ झाला, आणि वारा लागू नये म्हणून जिला खिडकीच ठेवली नव्हती ती बाळंतिणीची खोली ‘हनिमून स्वीट’ झाली. ज्या घरात रात्री परसाकडे जायला कंदील घेऊन सोबत शोधावी लागे, म्हणून अण्णा विशीतच मुंबईला पळाले, तिथे आता कंदील खोलीभाड्यात धरलेला असतो.

घराचं वय पाहुण्यागणिक वाढतं. ठाणेकरांना सांगितलेली दीडशे वर्षं पुणेकरांपुढे थेट 1661 पर्यंत जातात. शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, वखारप्रमुख रेव्हिंग्टनला कैद केलं, आणि त्या धामधुमीत म्हणे आमच्याच ओटीवर... पुणेकर मान वर करून मंगळुरी कौलं बघतो. ती एकोणिसाव्या शतकातली, हे त्याला पाठ असतं. “छप्पर नंतरचं,” अण्णा शांतपणे म्हणतात.

प्रेक्षणीय स्थळांत धूतपापेश्वर आहे, उन्हाळे गावचा गरम पाण्याचा झरा आहे आणि अर्थातच गंगा. चौदा कुंडांची ही गंगा मनाला येईल तेव्हा प्रकटते आणि मनाला येईल तेव्हा जाते. “आम्ही येऊ तेव्हा असेल ना?” असं फोनवर विचारणाऱ्याला अण्णा “नाही” म्हणत नाहीत, “भाग्य लागतं” म्हणतात आणि आगाऊ रक्कम मागतात. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्या जवाहर चौकात शिरतात, याचा मात्र माहितीपत्रकात उल्लेख नाही.

सगळं जमलं असतं, पण घर समाईक आहे. अर्ध्या भागात चुलतभाऊ राहतो. तिथे पत्रे आहेत, गोठा आहे आणि खरं बोलण्याची सवय आहे. हनिमूनवाल्या जोडप्याला तो कुंपणावरून कौतुकाने सांगतो, “त्याच खोलीत जन्मलो हो मी! सव्वा महिना धुरी घालीत.” सकाळी त्याच्याकडे गरम पेज आणि भाजलेला सुका बांगडा असतो. वास सुटला की पाहुणे अण्णांचे टोस्ट टाकून पलीकडे जाऊन बसतात, आणि भाऊ पैसे घेत नाही.

अण्णा बँकेतले. त्यांनी नव्या दरपत्रकात ‘अस्सल कोकणी न्याहारी, स्थानिक कुटुंबासमवेत’ ही ओळ घालून माणशी चारशे रुपये लावले. भावाला हे कळलं, आणि आता दिवाणी दाव्यात घराबरोबर पेजेचीही वाटणी मागितली गेली आहे.