कुंतीला कात्री

कुंपणाबद्दल मराठी माणूस कधी चांगलं बोललेला नाही. शेत खाल्लं तर कुंपणानेच खाल्लं, आणि सरड्याची धाव थांबली तीही तिथेच. त्यामुळे आमच्या तळमजल्यावरच्या घरापुढे वीस फूट जिवंत कुंपण लावायचं ठरलं तेव्हा मला फार काही उमाळा आला नव्हता. अडचण एवढीच होती, की पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे आज कोणती भाजी निवडतायत ते दिसायचं. काहीजण गवार जून असल्याचंही सांगून जायचे.

मी म्हटलं, कोयनेल लावू. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांभोवतीची कोयनेल मी लहानपणापासून ओळखतो. निम्मे चेंडू तिनेच गिळलेत. कशीही छाटा, मुकाट दाट होते. पण कापली की वास उग्र. बायको म्हणाली, "नको, कुंती लावू. माहेरी होती. रात्री दार उघडलं की वास यायचा."

सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत कुंती म्हटल्यावर पोरगा बुचकळ्यात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "कामिनी म्हणा की काका!" आणि आतल्या माणसाला ओरडला, "काकांना चौदा कामिनी काढ रे!" हिचं हसू हडपसर गेलं तरी थांबलं नव्हतं.

झाड एकच, नावं मात्र दोन टोकांची. रानात फिरणारे हिलाच पांढरी म्हणतात, लाकूड चिवट म्हणून हिची काठी करतात. शास्त्रीय नावातलं 'मुराया' हे लिनियसच्या मरे नावाच्या शिष्यावरून आलेलं. मला यांतलं कुंती हेच पटतं. फुलाला पाकळ्या पाच. सहावी मी शोधून पाहिली. असलीच तर कर्णासारखी कुठे तरी सोडून दिलेली असणार.

मृगात दीड-दीड फुटावर खड्डे घेतले, शेणखत आणि निंबोळी पेंड घातली, आणि वाट पाहायला बसलो. कुंती घाईतली नाही. पहिल्या वर्षी तिने बहुधा आमचा स्वभाव पाहिला. दुसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वर आली, तिसऱ्या वर्षी भाजी झाकली गेली. वर्षभर हिरवी, पान तुकतुकीत. बाजारात पुष्पगुच्छात गुलाबामागे जी हिरवळ खोचतात तीही बहुतेकदा हिचीच. काम चोख होतं. फक्त फूल एकही नाही.

वास येईना तशी ही माहेरच्या कुंतीच्या आठवणी वरचेवर काढू लागली. मी खत बदललं, पाणी कमी केलं, जास्त केलं. नर्सरीतल्या पोराने फसवलं असंही बोलून झालं.

चूक आमच्या शिस्तीत होती. सोसायटीचा नियम असा, की कुंपण चार फुटांच्या वर जाऊ नये. माळीबुवा दर दुसऱ्या रविवारी दोरी बांधून कुंपण असं कापायचे, की वर चहाचा ट्रे ठेवावा. सेक्रेटरी कौतुक करायचे, मीही मान डोलवायचो. आता, कुंतीची कळी येते फांदीच्या टोकाला, नव्या फुटीवर. म्हणजे दर पंधरवड्याला आम्ही होणारी फुलंच कापून कचऱ्याच्या गाडीत पाठवत होतो, वर बक्षिसी देऊन.

हे कळलं ते चौदाव्या झाडामुळे. ते मीटरच्या पेटीमागे आहे, तिथे कात्री पोचत नाही. जुलैत दोन दिवस पाऊस पडून उघडीप झाली, आणि चार-सहा दिवसांनी रात्री दार लावायला गेलो तो वास आला. रातराणीचा वास अंगावर येतो. हा तसा नव्हता. लिंबाच्या बहराला मोगऱ्याची संगत लाभावी तसा काहीसा. टॉर्च घेऊन गेलो. बासमतीच्या दाण्यासारख्या कळ्या, उमललेल्यांच्या पाकळ्या मागे वळलेल्या, आणि सगळं झाड एकाच रात्रीत पांढरं. एक-दोन दिवसांत मीटरखाली साबुदाणा सांडल्यासारखा सडा पडला, आणि संपलं. पुढे लालकेशरी फळं धरली, ती बुलबुलांनी नेली.

लिंबाची आठवण होते ती उगाच नाही, कुंती लिंबाच्याच कुळातली. कढीपत्ताही तिचा भाऊबंद. परवापरवापर्यंत दोघं एकाच प्रजातीत नांदत होते, आता शास्त्रज्ञांनी कढीपत्त्याला वेगळी चूल मांडून दिली आहे. लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं कुंतीवरही येतात. अळ्यांनी थोडी पानं खाल्ली. म्हणजे इथे कुंपण कोणी तरी खातंय, एवढा हिशेब फिटला. मात्र वरुडच्या आमच्या मेव्हण्यांनी रोपं मागितली तेव्हा मी हात आखडता घेतला. त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि संत्र्यावर ग्रीनिंगचा रोग पसरवणाऱ्या सायला किडीला कुंती फार आवडते. नात्यात तेवढं वितुष्ट पुरे.

आता माळीबुवांना सांगितलंय, वर्षातून एकदा, बहर ओसरल्यावरच कात्री लावा, बाजू छाटा आणि शेंडे सोडा. ते नाराज आहेत. "साहेब, हे कुंपण वाटत नाही, जंगल वाटतंय," म्हणाले. सेक्रेटरींनी नियमाची आठवण करून देणारी सूचना फळ्यावर लावली आहे. यंदा बहर आला त्या रात्री मात्र ते आणि त्यांच्या सौभाग्यवती शतपावलीला आमच्या बाजूने तीनदा गेले, आणि तिन्ही वेळा मीटरच्या पेटीपाशी रेंगाळले. सूचना अजून फळ्यावर आहे. कुंती सहा फूट दोन इंच झाली आहे.