अनुदानसाहेब, काठी मिळाली, जायचं कुठे?

प्रति,
श्रीमान अनुदानसाहेब,
मुक्काम ओरोस, मंत्रालय अथवा पोर्टल (सापडाल तिथे)



मालवण तालुक्यातल्या एका वाडीतली आम्ही काही म्हातारी माणसं हे पत्र लिहीत आहोत. आधी आभार. आपली आमच्यावर केवढी माया आहे, हे आम्हांला जाहिरातींवरून वेळोवेळी कळत असतं.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, 2 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला आपण एकदाच 3,000 रुपये देता. त्यात चष्मा घ्यावा, श्रवणयंत्र घ्यावं, काठी, वॉकर नाहीतर कमोडची खुर्ची घ्यावी. मात्र खरेदीचं बिल 30 दिवसांत पोर्टलवर चढलं पाहिजे. नियम दूरदृष्टीचा आहे. ज्याला दिसत नाही त्याने बिल वाचावं, ज्याला ऐकू येत नाही त्याने सेतूत चौकशी करावी आणि ज्याला चालवत नाही त्याने काठी आणायला मालवणच्या बाजारात जावं. म्हातारपणी शरीर हलतं ठेवावं, असं डॉक्टरही सांगतातच.

तीर्थदर्शन योजनेत मात्र माणशी 30,000 रुपयांपर्यंत खर्चाची आपली तयारी. म्हणजे कान उघडायला 3,000 आणि देव बघायला त्याच्या दहापट. या वयात आमची गाठ कोणाशी लवकर पडणार, याचा अंदाज आपण अचूक बांधलात.

श्रावणबाळ योजनेचा हिशेब तर फ्रेम करून लावावा असा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. आपण महिन्याला 1,500 देता, वर्षाचे 18,000 झाले. त्यात वयोश्रीचे 3,000 मिळवा, बरोबर 21,000! आपण दोन्ही हातांनी दिलंत की आम्ही मर्यादेच्या काठावर उभे. त्यात एखाद्या म्हातारीने परड्यातला केळीचा घड विकला, तर ती श्रीमंतच म्हणायची.

2022पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट केलीत, हे खरोखर चांगलं केलंत. पण एसटी थांबते तिठ्यावर आणि आम्ही राहतो वाडीत. मधली घाटी अजून कुठल्याच योजनेत बसलेली नाही.

साहेब, आमचा जिल्हा 2001 साली 8,68,825 माणसांचा होता. 2011 साली 8,49,651 उरली. राज्य वाढत होतं, आम्ही कमी होत होतो. 2021ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे आपल्या दप्तरात आम्ही अजून 2011च्याच वयाचे आहोत. या तारुण्याबद्दल वेगळे आभार. आमच्याच तालुक्यातल्या आचऱ्यात काही वर्षांनी गावपळण होते. माणसं गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतात आणि रामेश्वराचा कौल झाला की परततात. आमच्या वाडीचीही गावपळणच झाली, फक्त परतायचा कौल काही मिळाला नाही. चाकरमानी गणपतीला येतात, आंगणेवाडीच्या जत्रेला येतात. बाकी दिवस घरात एक म्हातारी आणि बारा खिडक्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या आबांना काठी मिळाली. ती हातात फिरवून ते म्हणाले, “काठी गावली, पण जावचा खंय?”

आमचं म्हणणं एवढंच आहे. आपण संस्थांनाही पैसे देता, हे ठाऊक आहे. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत वृद्धाश्रमांसाठी अनुदान आहे. पण वृद्धाश्रम ज्याला घर नाही त्याच्यासाठी. आम्हांला घरं आहेत. ती फार मोठी आहेत, हेच दुखणं. शिवाय अनुदान मागायचं तर संस्थेची नोंदणी हवी, दर्पण पोर्टलवरचा क्रमांक हवा, हिशेबतपासणी हवी. आमची संस्था म्हणजे संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसणारी पाच माणसं. तिचा अध्यक्ष कोण, यावर त्या पाचांतही एकमत नाही.

पट संपल्यामुळे वाडीतली शाळा बंद झाली. खोली आहे, कौलं शाबूत आहेत. ती सकाळी उघडायला, पेज शिजवायला आणि कोण आलं नाही ते घरी जाऊन बघायला बचतगटातली एक बाई हवी. आठवड्यातून एकदा उपकेंद्रातल्या सिस्टरने येऊन प्रेशर आणि साखर बघावी. एका तीर्थदर्शनाचे 30,000 बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 2,500 होतात. दिवसातल्या दोन तासांच्या मानधनाची सुरुवात तरी त्यातून होईल. हे काही स्वप्न नव्हे. याच किनाऱ्यावर खाली केरळात पंचायती ‘पकल वीडू’ नावाची दिवसाची घरं चालवतात.

अडचण आम्हांला कळते. काठीवाटपाचा फोटो निघतो, इमारतीला कोनशिला बसते. पेजेच्या टोपाचं उद्घाटन करायला कोण येणार? पण वस्तू एकदा दिली की आपलं काम संपतं आणि आमचा दिवस मात्र रोज उजाडतो. 1997 साली जिल्हा पर्यटन जिल्हा झाला, तेव्हापासून दोन रात्रींच्या पाहुण्याची काळजी सगळ्यांना आहे. आम्ही पंचाहत्तर-ऐंशी वर्षं मुक्कामाला आहोत. आमचाही विचार व्हावा.

तेव्हा पुढच्या वर्षी वस्तू थोड्या कमी द्या आणि त्या खोलीसाठी एका माणसाचा पगार द्या. एकदाच नको, दर महिन्याला द्या.

आपले,
पात्र लाभार्थी

ता. क. उत्तर ओटीपीने पाठवू नये. तो ज्या नंबरवर येतो तो मुलाचा आहे आणि मुलगा विरारला असतो.