रानातली बी फोडू इच्छिणाऱ्यांस

फळ खाणे ही सज्जनांची रीत. झाडाने गर द्यावा, आपण तो खावा आणि बी चार पावले पुढे जाऊन थुंकावी, असा हा फार जुना व्यवहार आहे. गर ही हमाली, बी हा माल. प्रस्तुत मार्गदर्शन मात्र हमाली खिशात घालून वर मालाचे खोकेही फोडू पाहणाऱ्यांसाठी आहे. मधल्या सुट्टीत बोराची आठळी फोडून आतले खाल्लेला प्रत्येक जण या वर्गात मोडतो. तेव्हा संकोच नसावा.

साहित्य: दोन दगड. खालचा सपाट, पण मधे किंचित खोलगट. वरचा मुठीत मावणारा. दात हे साहित्यात धरू नयेत. त्यांची दुरुस्ती काजूपेक्षा महाग पडते.

नवशिक्याने देशी बदामापासून सुरुवात करावी. शाळेचे मैदान, एस्टी स्टँडची मागची बाजू, समुद्रकाठ, कुठेही हे झाड लाल झालेली पाने गाळत उभे असते. खाली पडलेले वाळके फळ उचलावे, धारेवर उभे धरावे आणि घाव घालावा. आडवे ठेवले तर ते निसटून शेजाऱ्याच्या नडगीवर जाते. पहिला घाव धाग्यांत मुरतो, दुसरा बोटावर बसतो आणि तिसरा नको तितका यशस्वी होऊन बदामाचा भुगा होतो. भुगाही खावा. अखंड बदाम निघालाच तर तो करंगळीपेक्षा बारीक असतो. तो लगेच तोंडात टाकावा. भोवती जमलेल्यांना दाखवत बसू नये.

चिंचोक्याला दगड लागत नाही, सबुरी लागते. निखाऱ्यात नाहीतर तव्यावर भाजून त्याचे तपकिरी साल काढावे आणि गालात ठेवून द्यावा. तो चावायचा नसतो, मुरवायचा असतो. ज्याच्या पिठाची खळ कापडगिरण्यांत सुताला देत, तो पदार्थ पाच मिनिटांत विरघळेल अशी अपेक्षा धरणेच चूक. टाकळ्याच्या बिया भाजून, दळून त्यांची कॉफीही करतात. कॉफीला तोच एक पर्याय उरला असेल तर जरूर करावी.

येथवर बालवर्ग. पुढे झाड स्वतः बोलू लागते.

चारोळी, काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातली मंडळी. आंबा त्यातला घरंदाज. बाकीच्यांनी बी राखण्याचे आपापले उपाय शोधले. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजतात, म्हणून कोकणात काजूची बी आधी आगीत टाकतात आणि मग फोडतात. बिब्बा त्याहून कडक. त्याचे काळे तेल अंगाला लागले की कातडी उतते. परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करत आणि त्या खुणा कपड्याबरोबरच जात. अशा बिब्ब्याच्या पोटात गोडंबी असते, गोड, तेलकट, डिंकाच्या लाडवात मानाने बसणारी. विदर्भ-मराठवाड्यात बाया हाताला तेल नाहीतर राख चोळून बिबे फोडतात, तरी हात उतायचे ते उततातच. हौशी साधकाने हा धडा फक्त वाचावा. गोडंबी किराणा दुकानात मिळते.

कांडोळाने वेगळा मार्ग धरला आहे. उन्हाळ्यात पाने गाळून पांढऱ्याफटक खोडानिशी उभे राहणारे, भुताचे झाड म्हणतात ते हेच. त्याची लाल मखमली शेंग पाहून गालावर फिरवण्याचा मोह होतो. फिरवू नये. ती मखमल म्हणजे टोचऱ्या केसांची लव आहे. जाणते लोक शेंग जाळावर धरून केस जाळून टाकतात आणि मग आतल्या बिया भाजून खातात. न जाणणारे दिवसभर खाजवत बसतात.

चाराचे झाड त्या मानाने सभ्य. मेळघाट, गडचिरोली, सातपुडा इकडच्या रानात एप्रिल-मेमध्ये त्याची काळीभोर, आंबटगोड फळे पिकतात. गर खाऊन झाला की हातात कठीण आठळी उरते आणि तिच्यात चारोळी. करणारे लोक फळे भिजवतात, चोळून गर काढतात, आठळ्या वाळवतात आणि जात्यावर बेताने भरडतात. बेत चुकला तर चारोळीचे पीठ होते. एकेक आठळी दगडाने फोडणाऱ्याला मसुराच्या डाळीएवढा दाणा मिळतो, आणि श्रीखंडावर भुरभुरतात तेवढ्या जमेपर्यंत श्रीखंड आंबते. झाडांचे हाल वेगळेच. दुसरा कोणी नेईल या धास्तीने फळे कच्चीच तोडतात, वर फांद्याही छाटतात. साधकाने झाडाला हात लावू नये, पडलेलेच उचलावे. अभयारण्यात तेही उचलू नये; १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे आपल्या भुकेची दखल घेत नाही. इतरत्र गौण वनोपजावर, २००६ च्या वनहक्क कायद्याने, तिथे राहणाऱ्यांचा हक्क आहे. आधी गावात विचारावे.

आता शेवटचा धडा. तो सर्वांत सोपा आहे, कारण त्यात काहीही करायचे नाही.

गुंज खाऊ नये. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, अशी सोनारांनी तिला तराजूत जागा दिली, तोंडात नाही. चावून खाल्ली तर एखाददुसरीही जिवावर बेतू शकते. एरंड, धोत्रा, काजरा याच पंगतीतले. ‘कडू ते विषारी, गोड ते चांगले’ हा नियम शिकवणाऱ्याला चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, दाखवावा. त्याची बी शेंगदाण्यासारखी चवदार लागते आणि अडचण नेमकी तीच आहे. कुंपणाच्या या बिया शाळकरी पोरे मूठमूठ खातात आणि मग उलट्या-जुलाब होऊन सगळा वर्गच दवाखान्यात भरतो. कोणी खाल्लीच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा आणि उरलेल्या बिया बरोबर न्याव्यात, म्हणजे डॉक्टरांना ओळखता येतील.

‘पाखरे खातात ते आपल्यालाही चालते’ हा दुसरा नियमही असाच. धनेश काजऱ्याचे फळ खातो, पण बी टाकून देतो. म्हणजे त्याला जुना व्यवहार पाठ आहे. बेहड्याचे तर झाडानेच माप ठरवले आहे. आतला मगज बदामासारखा लागतो, पण भरपूर खाल्ला तर गुंगी येते. साधारणपणे ज्या रानात जायचे तिथल्याच, तीच बी लहानपणापासून खात आलेल्या माणसाने ‘खा’ म्हटल्याशिवाय खाऊ नये, आणि त्याने स्वतः आधी खाल्ली आहे ना, हेही पाहावे.

आणि आठवडी बाजारात चारोळीचा भाव ऐकून भुवया वर गेल्याच, तर पुढे बोलू नये. घरी यावे, दोन दगड घ्यावेत, वाटीभर चारोळी फोडावी आणि मग जाऊन ती विकणाऱ्या बाईशी घासाघीस करावी.